शंभर जीबीची वाटणी

न्हाय न्हाय, शिवराजअण्णा, तसं नगो — तो आकडा शंभरावर नेलासा न्हवं, तो आधी मागं घ्या. सत्तर द्या. सत्तर जीबी म्हंजे काय थोडं झालं व्हय एका माणसाला? व्हय, व्हय, तिनंच फोन करून बोलिवलंय तुमास्नी, मला म्हाईत हाय, टिळकवाडीत तुमचं दुकान हाय हेबी तिलाच म्हाईत, मला कुठलं — पर ज्या कॉम्प्युटरवर तुमी हात ठेवलाय तो धा वर्सं मी वापरते. मंगल माझं नाव. ह्या घरची थोरली सून मी. आन ती रचना, माझी धाकटी जाऊ. काय सांगितलं तिनं तुमास्नी? "डिस्कचे दोन भाग करायचे, एका भागात आक्काचं विंडोज हाय तसं ठेवायचं, आन दुसऱ्या भागात माझं ते लिनक्स घालायचं" — असंच न्हवं? बघा, शब्द सुदीक पाठ हाईत मला. जेवताना सगळ्यांच्या म्होरं बोलली — "आक्का, तुमच्या कशाला धक्का लागणार न्हाय." धक्का लागणार न्हाय म्हणं! आवो, वायली चूल मांडणारीबी पयल्यांदा असंच म्हणती.

टेका की नीट. चहा घ्या, गार हुतोय. आता माग बंद हाईत खाली, माणसं जेवायला गेल्यात, म्हणून हे एवढं बोलणं ऐकू येतंय तुमास्नी — न्हायतर वडगावात ह्या वक्ताला शेजारी बसलेल्याला वरडून सांगावं लागतंय. आणि मग माणूस वरडतच ऱ्हातंय, घरातबी, देवळातबी. माझा आवाज असा न्हवता आधी. बेळगुंदीची मी. शेतातलं माणूस. माग म्हंजे काय, मागावर नक्षी उठवणारं जेकार्ड म्हंजे काय, पदर कुठनं सुरू हुतोय — कायबी ठावं न्हवतं. धाव्वी पास, तेवढंच. लग्न होऊन आले तवा आमचे मामंजी, आण्णाप्पा — खाली ओसरीला बसल्यात बघा, तुमी आलासा तवा "यारी?", कोण हाय म्हणून, कानडीत इच्यारलं ते — ते ग्राफच्या कागदावर पेन्सिलनं लुगड्याचा काठ काढायचे. एकेक चौकट. हजार-हजार चौकटी. आन मी भाकरी झाल्या की पाठीमागं हुबी ऱ्हायची. एक दिवस म्हणाले, "बस. ही ओळ भर." भरली. दुसऱ्या दिवशी दुसरी. कवा त्यांचे डोळे गेले आन कवा माझा हात बसला, सांगता यायचं न्हाय. मग ह्यांनी हा कॉम्प्युटर आणला. तीन महिने क्लास केला मी, शापूरात, सगळ्या कालेजातल्या पोरी आन मधी मी हिरवी पातळवाली. माऊस धरला की बाण पडद्यावर कुठंच्या कुठं पळायचा — तरी केला.

आन काय काढलं म्हाईत हाय? भाताची लोंबी. आमच्या बेळगुंदीला पिकाचं वझं झालं की लोंबी अशी मान टाकती बघा, तश्शी. काठाला एकाफुडं एक. व्यापारी बघून गेला, म्हणाला चार मागांवर हेच लावा. सहा वर्सं चाललं ते. आजबी चालतंय. बाजारात "लोंबी काठ हाय काय" म्हणून बायका मागून घेत्यात. तुमच्या घरातबी असंल एखादं, मालकिणीला इच्यारा. आन मामंजी काय म्हणाले तवा? त्यांनी कापड बोटानं चाचपलं आन म्हणाले, "बरं हाय." बस. तेवढंच. मी म्हटलं, असूदे, ह्या माणसाच्या तोंडातनं "बरं हाय" आलं म्हंजे दुसऱ्याच्या तोंडातनं ओवाळणी आली. सहा वर्सं त्याच्यावर काढली मी. हसालासा? हसा. एका "बरं हाय"वर माणूस किती दिस जगतंय ते बाईला इच्यारावं.

नव्वद? बरं, नव्वद. पर त्याच्यावर एक बी न्हाय.

आता ही आली. दोन वर्सं झाली. निपाणीची. बीसीए केलेली. दिसायला — दिसायला काय, चार जणींसारखीच हाय, पर बोलती गोड. मामंजींस्नी "आप्पा" म्हणती. मी धा वर्सं डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाय त्यांच्याम्होरं, आन ही आल्यावर आठव्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून पेपर वाचून दावाय लागली. ते ऐकत्यात. हसत्यात. आवो, मला म्हाईतच न्हवतं त्या माणसाला दात किती हाईत ते! मग एक दिवस म्हणाली, "आक्का, मीबी शिकू काय काठ काढायला?" मी न्हाय कसं म्हणू? म्हटलं बस. सकाळी मी बसायची, दुपारी ती. मी दावलं तिला — सगळं न्हाय. खरं सांगते, सगळं न्हाय दावलं. किती दावायचं असतंय तेवढं दावलं.

आन तिनं काय काढलं? तंबाखूचं पान. लुगड्याच्या काठाला तंबाखू! मी तोंडाला पदर लावून हसले, म्हटलं निपाणीची माणसं, अजून काय काढणार. पर अण्णा — पान चांगलं हुतं. खोटं कशाला बोलू. रुंद, शिरा अशा वळलेल्या, कडेला जरा मुडपलेलं, वाळत घातल्यावर मुडपतंय तसं. तिनं मोठं छापून घेतलं कागदावर आन मामंजींच्या हातात दिलं. त्यांस्नी कडंकडंनं जरा दिसतंय अजून. त्यांनी कागद उन्हात नेला, नाकाजवळ धरला, असा तिरका केला, आन म्हणाले — मी चुलीपुढं हुते, भाकरी तव्यावर हुती — म्हणाले, "पोरी, ह्येला वास येतोय गं."

भाकरी करपली माझी.

वास येतोय! माझ्या लोंबीला सहा वर्सांत वास आला न्हाय व्हय त्यांस्नी? ज्या भाताची धा पोती वर्साला माझ्या माहेरनं येत्यात, जो ते दोन वक्ताला खात्यात, त्याचा वास न्हाय — आन हिच्या पानाला वास! जाऊदे. जाऊदे ते. तुमी काम करा. काय इच्यारालंय ते त्या पडद्यावर?

सुरू करताना कोणतं आधी यायचं? म्हंजे कसं? बटण दाबलं की दोन नावं येणार, एकाखाली एक, आन धा सेकंद कुणी काय केलं न्हाय तर वरचं आपोआप चालू हुणार — आन वरती तिचं लिनक्स? असंच असतंय? असंच असतंय म्हंजे काय, कुणी ठरिवलं? न्हाय, बदला ते. बदलता येतंय न्हवं? मग माझं वर घाला. विंडोज वर. तिला पाहिजे तर खाली बाण दाबून जाऊदे की. दिवसातनं एकदा खाली जायला काय पाय दुखत्यात व्हय? ...काय म्हणालासा? तिनंच सांगितलंय? फोनवर? "आक्काचं वर ठेवा" म्हणून?

बरं.

बरं, मग ठेवा. न्हाय, मला काय. ठेवाच.

बघा, हे असं हाय तिचं. मी मागायच्या आधीच देती. म्हंजे मागणारी मी बारीक दिसायची, आन देणारी ती मोठी. आमचे हे म्हणत्यात, "मंगल, तुला कशाचा त्रास हाय? पोर गुणाची हाय." गुणाची हाय म्हणूनच त्रास हाय की! वाईट असती तर भांडले असते आन मोकळी झाले असते.

तुमी मगाशी म्हणालासा, सगळ्याची एक प्रत काढून ठेवलीया काय म्हणून. न्हाय काढली. सगळं ह्यातच हाय. धा वर्सांचं. तुमच्या हातनं चुकून ते "सगळं पुसून नवं घाला" असलं काय दाबलं गेलं तर — दाबू नगासा हां. एका कॅम्पातल्या बाईचं तसं झालं म्हणत्यात, नवऱ्याचं फोटो-बिटो सगळं गेलं. असूदे, तुमी शिकलेलं माणूस हाईसा. पर एक इच्यारते. हे दोन भाग झाले म्हंजे मधी भिंत असती न्हवं? तिचं तिकडं, माझं इकडं? तिचं मला दिसणार न्हाय, माझं तिला —

काय?

म्हंजे तिच्यातनं माझं दिसणार? सगळं? आन माझ्यातनं तिचं न्हाय? ही कुठली वाटणी, अण्णा? तिच्या घराला माझ्याकडं खिडकी आन माझ्या घराला नुसती भिंत! न्हाय, असं चालायचं न्हाय. लपिवलेलंबी दिसतंय? म्हंजे ते फोल्डर असं — उजवं बटण दाबून लपवायचं असतंय न्हवं, दिसूने म्हणून — तेबी तिला उघडं दिसणार? मग त्याला कुलूप घाला. घालता येतंय न्हवं? एकाच फोल्डरला. बाकीचं बघूदे तिला, काय बघायचं ते बघूदे. एकच. हितं या, दावते. हे डी, ह्यात "घर", ह्यात "जुनं", ह्यात हे — "लाईट बिल २०१९".

तसं बघू नगासा माझ्याकडं. लाईट बिलच हाय.

...न्हाय हाय लाईट बिल.

आता तुमी कुलूप घालणार म्हंजे उघडून बघणारच, मग सांगतेच. पर ह्या खोलीच्या भाईर जाऊने. गणपतीच्या आधीची गोष्ट. व्यापारी मंगळवारी येणार हुता, तिचं ते पान बघायला. मामंजींनी सोता निरोप धाडलेला. माझ्या लोंबीच्या वक्ताला त्यांनी निरोप धाडला न्हवता, मीच कापड घेऊन गेलते शापूरला, बसमधनं. सोमवारी रचना निपाणीला गेली, तिच्या चुलतभावाचं काय हुतं. दुपारचीच वेळ. मी हितं ह्या खुर्चीत बसले. माझं काम करायलाच बसले, देवाशपथ. समोर तिचं फोल्डर. नाव काय दिलंय — "आप्पांचं पान". आप्पांचं! पुसणार न्हवते मी. पुसायचं बोट झालं न्हाय माझं, तेवढी वाईट न्हाय मी. उचललं आन ह्यात आणून टाकलं. नाव बदललं. लपिवलं. उठले आन हात धुतले, बघा. हाताला काय लागलं हुतं? काय न्हाय. तरी धुतले.

मंगळवारी सकाळी बसली शोधत. तासभर. तिचा रंग उतरत गेला तसा मी हितंच भाजी चिरत बसलेली, मान वर केली न्हाय. मामंजी वर आले जिन्यानं, भिंत धरधरून, आन बोलले तिला — व्यापाऱ्यासमोर बोलले — "एवढं शिकून एक चित्र जपता येत न्हाय?" आन ती काय म्हणाली? "माझीच चूक आप्पा. सेव्ह करायचं ऱ्हायलं." बस. व्यापारी चहा पिऊन गेला. लोंबीच लावा म्हणाला अजून एक वर्स. माझं जिंकलं. जिंकलं न्हवं? मग मला रात्रभर... जाऊदे. गोड लागलं न्हाय, एवढंच सांगते.

आन एक गंमत सांगू? ते पान मागावर चाललंच नसतं. मला दिसलं हुतं ते पयल्याच दिवशी. पान रुंद काढलं की मधी धागा लांब मोकळा सुटतोय, बांगडीत अडकतोय, लुगडं चार दिसांत उसवतंय. त्याला मधी मधी बारीक टाका घालून बांधून घ्यावं लागतंय. ते म्हंजेच तर काम. चित्र काय, कुणीबी काढंल. मी नुसती गप बसले असते तरी व्यापाऱ्यानं नमुना विणून बघितला असता आन पान तितंच पडलं असतं. माझ्या हाताला काय लागलं नसतं. पर धीर निघाला न्हाय मला. वास येतोय म्हणाले न्हवं ते.

हां, उघडा. उघडा आन घाला कुलूप. काय बघालासा? तारीख? कुठली तारीख? मी सांगितलं की, गणपतीच्या आधी. त्यानंतर हात लावला न्हाय मी ह्याला, भ्याच वाटतंय. ...दावा. सरका जरा. हे काय हाय हे — "बदल केल्याची तारीख". शुक्रवार. कुठला शुक्रवार? परवाचा? परवाच्या शुक्रवारी मी हितं न्हवतेच अण्णा. सुगी चाललीया, बेळगुंदीला गेलते मी, शनवारी आले. ह्यांस्नी तर हे चालूबी करता येत न्हाय. मग कोण बसलं —

थांबा.

थांबा जरा. पाणी पिते.

तिला सापडलंय. कवा सापडलं असंल? लाईट बिलात! आन सापडूनबी ती तितंच ठेवलीया. नाव बदललं न्हाय, जागा बदलली न्हाय. मी ठेवलं हुतं तस्संच. दिवाळीत माझ्या पाया पडली ती, अण्णा. माझ्या हातनं फराळाचं ताट घेतलं. म्हंजे तवाबी तिला... आन म्हणूनच हे वायलं पाहिजे झालं काय तिला? का मलाच तिला तोंड दावायला लागूने म्हणून? "आक्का, तुमच्या कशाला धक्का लागणार न्हाय" —

बघा! बघा, हेबी तिनंच करायचं! मोठेपणाबी तिनंच घ्यायचा! एवढं पाप करून माझ्या हातात काय आलं तर तिचा चांगुलपणा. भांडली असती तर काय झालं असतं? केस धरले असते माझे. धरूने व्हय? मला आवडलं असतं ते. ह्या घरात माझ्याशी कुणी नीट भांडतबी न्हाय.

उघडा ती फाईल. न्हाय, कुलूप ऱ्हाऊदे. चित्र उघडा. काय बदललंय बघूदे मला.

...मोठं करा. अजून. ह्या कोपऱ्याला न्या. पानाच्या मधल्या शिरेजवळ. हां.

टाका घातलाय.

तुमास्नी दिसायचं न्हाय. हे लाल ठिपके बघा, एक-दोन-तीन-चार-पाच, सहाव्याला पांढरा. फुडच्या ओळीला जरा सरकून. मग परत सरकून. म्हंजे धागा मोकळा सुटत न्हाय, आन वरनं बघितलं तर टाका दिसतबी न्हाय, पानाची शीरच वाटती. हे कुठल्या क्लासात शिकवत न्हाईत, अण्णा. बीसीएत तर न्हायच न्हाय. मामंजींनीबी दावलं न्हाय मला हे, त्यांचा टाका सरळ असायचा. हे माझं हाय. लोंबीची मान वाकवायला म्या काढलेलं, तीन महिने डोळं फोडून. आन मी तिला हे दावलं न्हाय. हेच तर दावलं न्हवतं!

म्हंजे माझी लोंबी उघडून बसली ती. चौकट न् चौकट मोजत. किती दिस बसली असंल? न इच्यारता घेतलं, चोरलंच की. चोरलं न्हवं हे? बोला की. ...सहा वर्सं बाजारात चाललंय ते लुगडं. हजार बायकांनी नेसलंय. ह्यांनी विकलंय, व्यापाऱ्यानं पैका केलाय, मामंजींनी चाचपलंय. आन ती मान कशी वाकलीया, कुठल्या टाक्यानं वाकलीया, हे आजपातूर एकानं बघितलं न्हाय. एकानं. बघितलं ते हिनंच. हिनंच बघायचं हुतं काय? दुसरं कुणी न्हवतं व्हय देवाला?

शंभर हुतं न्हवं पयलं? शंभर करा. न्हाय, मी रडत न्हाय, पडद्याकडं बघून डोळ्याला पाणी येतंय, सगळ्यांच्याच येतंय.

हे हितं एक टाका चुकलाय बघा तिचा. पाचव्या पानाला. सातव्याला टाकलाय सहाव्याच्या जागी. नमुना विणला तर तितं फुगवटा येणार. आता हे तिला सांगायचं का न्हाय? सांगितलं तर कळतंय मी उघडलं म्हणून. आन न्हाय सांगितलं तर — न्हाय सांगितलं तर पान पडणार, आन हाताला काय लागणार न्हाय माझ्या. ह्या खेपेला नुसतं गप बसायचं हाय. किती सोपं हाय बघा. तुमीबी कुणाला बोलणार न्हाईसा.

...जिना वाजला. तिचीच चप्पल. मामंजींशी बोलालीया खाली, ऐकू येतंय? "आप्पा, आले काय ते कॉम्प्युटरवाले" — असं. आलीच वर.

नगो, बंद करू नगासा ते. पडद्यावर हाय तसंच ऱ्हाऊदे. पाचवं पान. हां, तसंच मोठं.

ये गं रचना. ये. तांब्या तितं ठेव आन हितं बस माझ्याजवळ. न्हाय, तुझ्या लिनक्सचं न्हाय, माझ्या टाक्याचं काम हाय.

अण्णा, तुमी जरा खाली जाऊन बसा मामंजींजवळ. अर्धा तास लागंल. जाताना दार वढून घ्या.